'रँडम' नावाचा सोयीचा शब्द: ड्रायव्हर चिप्स, बसची इंजिनं आणि बिघाडाचा इतिहास

कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सच्या प्रयोगशाळेत जा, एखाद्या खणात जळलेल्या ड्रायव्हर चिप्सची डबी सापडतेच. या कशा गेल्या असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही, रँडमली जातात. नवी टाकायची आणि पुढे जायचं."

माझ्या पीएच.डी.चा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास, त्यातही इलेक्ट्रॉनिक्समधल्या बिघाडांचा. त्यामुळे "रँडमली" हा शब्द ऐकला की मी थांबतो. हा शब्द असाच आलेला नाही. तो कोणी आणला, का आणला आणि कोणी त्याच्या विरोधात उभं राहिलं, याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहिणाऱ्या किंवा नुकताच पहिला सेटअप उभा करणाऱ्या तुमच्यासारख्यांना हा इतिहास उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

## आधी पणाला काय लागलंय ते बघू

स्टेपर मोटर म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर. नेहमीची मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. तिच्यात दोन कॉइल असतात. त्यांच्यातला करंट ठरलेल्या क्रमाने उलटसुलट केला की रोटर एकेक पाऊल सरकतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला एवढा करंट झेपत नाही, म्हणून मध्ये ड्रायव्हर चिप लागते. कंट्रोलर हुकूम देतो आणि ड्रायव्हर अँपिअरभर करंट ढकलतो.

बहुतेक सेटअपमध्ये ही व्यवस्था एकमार्गी असते. कंट्रोलर मोजतो ती त्याने सांगितलेली पावलं. मोटरने प्रत्यक्षात किती टाकली, हे त्याला कळत नाही. समजा तुमचा स्क्रू एका फेरीत २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक पाऊल ०.०१ मिलिमीटर. ४० पावलं हुकली तर नमुना ०.४ मिलिमीटर चुकीच्या जागी असतो, आणि फाइलमध्ये मात्र जागा बरोबर लिहिलेली असते.

आता ए४९८८ ही लोकप्रिय चिप घ्या. आतलं तापमान साधारण १६५ अंश सेल्सिअसला पोचलं की ती स्वतःला बंद करते, आणि थोडी थंड झाली की गुपचूप पुन्हा सुरू होते. त्या मधल्या वेळात मोटर हललेली नसते. म्हणजे सोमवारी मेलेली चिप कदाचित आधीचे दोन आठवडे आजारी होती, आणि त्या दोन आठवड्यांचा डेटा तुमच्या प्रबंधात चाललाय. "रँडमली गेली" असं लिहून नवी चिप बसवली, तर हा प्रश्न विचारलाच जात नाही.

## शब्द आला कुठून?

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकी सैन्याकडे रडार आणि रेडिओची यंत्रं ढिगाने आली. त्यांच्यातल्या व्हॅक्यूम ट्यूब सतत जात होत्या. प्रश्न एवढा वाढला की १९५०च्या दशकात संरक्षण खात्याने इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विश्वासार्हतेवर सल्लागार गट नेमला. तो 'अग्री' या आद्याक्षरांनी ओळखला जातो, आणि त्याचा १९५७चा अहवाल विश्वासार्हतेच्या अभियांत्रिकीचा पाया मानला जातो.

सैन्याचा प्रश्न व्यावहारिक होता. हजार यंत्रं पाठवली तर सहा महिन्यांत किती बंद पडतील? सुटे भाग किती ठेवायचे? या प्रश्नाला एकेका ट्यूबच्या मरणाचं कारण लागत नाही, सरासरी पुरते. १९५३मध्ये एपस्टाइन आणि सोबेल यांनी आयुष्य-चाचणीवरचा गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्याचा आधार होता घातांकी वितरण. या गणितात वस्तू जुनी आहे की नवी याने फरक पडत नाही; दर तासाला बिघडण्याची शक्यता तेवढीच राहते. गणित अतिशय सुटसुटीत. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकी सैन्याची २१७ क्रमांकाची हस्तपुस्तिका आली, तिने हाच स्थिर दर गृहीत धरून भागांच्या बिघाडाचे अंदाज बांधायला शिकवलं. तिची शेवटची दुरुस्ती १९९५ची, म्हणजे तीसेक वर्षं हा विचार अधिकृत होता.

लक्षात घ्या, या मंडळींनी "बिघाडाला कारण नसतं" असं कधी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मोठ्या संख्येचा हिशेब करताना कारण बाजूला ठेवलं तरी चालतं. हिशेबाची ही सोय हळूहळू बेंचवर उतरली आणि तिथे स्पष्टीकरण होऊन बसली.

## १९१ बस आणि एक मोठा धडा

या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता दस्तऐवज चिप्सबद्दल नाहीच. १९५२मध्ये डेव्हिस या संशोधकाने वेगवेगळ्या वस्तूंच्या बिघाडांची आकडेवारी तपासली. त्यात एका मोठ्या शहरातल्या १९१ बसच्या इंजिनांची नोंद होती: पहिला बिघाड किती अंतरानंतर, दुसरा किती, तिसरा किती, असं पाचव्यापर्यंत.

पहिल्या बिघाडाचा आलेख घंटेसारखा दिसला. म्हणजे इंजिनं झिजत होती आणि साधारण ठरावीक अंतरानंतर थकत होती. पण दुरुस्ती होऊन पुन्हा रस्त्यावर आलेल्या इंजिनांचे पुढचे बिघाड बघितले, तर आलेख बदलत गेला आणि चौथ्या-पाचव्या बिघाडाला घातांकी वितरणाच्या जवळ पोचला. इंजिनं तीच आणि झीजही तीच, तरी बिघाड 'रँडम' दिसायला लागले.

असं का? कारण दुरुस्तीनंतर प्रत्येक इंजिन म्हणजे नव्या-जुन्या भागांची खिचडी झालं होतं. पिस्टन नवा, बेअरिंग जुनं, तिसऱ्याच कुठल्या भागाचं वय तिसरंच. प्रत्येक भाग आपापल्या नियमाने झिजत होता, पण सगळ्यांची मरणं एकाच यादीत टाकली की नियम दिसेनासा होतो. १९६०मध्ये ड्रेनिक यांनी हेच गणिताने मांडलं: अनेक भागांच्या, बदलत राहिलेल्या गुंतागुंतीच्या यंत्रात एकूण बिघाड कालांतराने घातांकी दिसू लागतात, मग एकेका भागाचा नियम काही का असेना.

आता खणातली ती डबी आठवा. तीन अक्षांच्या तीन चिप्स, दोन वर्षांत बदललेल्या, वेगवेगळ्या कारणांनी गेलेल्या, आणि सगळ्या एकाच डबीत. त्या रँडम वाटणारच! निदान थोडातरी यादृच्छिकपणा त्या डबीने तयार केलाय.

## मर्यादेत असूनही मरणारे ट्रान्झिस्टर

दुसरा धडा ट्रान्झिस्टरचा. १९५०च्या दशकात पॉवर ट्रान्झिस्टर बाजारात आले. त्यांच्या डेटाशीटवर तीन आकडे असायचे: जास्तीत जास्त व्होल्टेज, करंट आणि पॉवर. तिन्ही पाळूनही काही ट्रान्झिस्टर मरत. १९५८मध्ये थॉर्नटन आणि सिमन्स यांनी नोंदवलं, की विशिष्ट परिस्थितीत ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज अचानक कोसळतं आणि करंट बेलगाम होतो. याला पुढे 'सेकंड ब्रेकडाउन' म्हणजे दुसरा भंग असं नाव पडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले हॅरी शाफ्ट यांनी १९६७मध्ये या विषयाचा मोठा आढावा लिहिला.

आत घडतं ते असं. करंट सिलिकॉनच्या पूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरत नाही. एखादा बिंदू किंचित जास्त तापतो. तापला की तिथून जास्त करंट जातो, जास्त करंट गेला की तो आणखी तापतो. मिलिसेकंदांच्या आत, कधी त्याहूनही लवकर, तो ठिपका वितळतो आणि आरपार शॉर्ट होतो. बाहेरून हात लावाल तर चिप कोमट लागेल. सरासरी तापमान ठीक असतं, मरण एका ठिपक्यात असतं.

या शोधानंतर डेटाशीटमध्ये चौथी रेषा आली. 'सेफ ऑपरेटिंग एरिया' नावाचा जो आलेख आज आपण बघतो, त्याची एक तिरकी कड ही या मृत्यूंची नोंद आहे. डेटाशीटमधली कुठलीही विचित्र अट दिसली तर समजा, तिच्यामागे कुठेतरी जळलेल्या भागांची डबी होती आणि कोणीतरी ती उघडून बघितली होती.

असं डबी उघडून बघणाऱ्यांची चळवळच उभी राहिली. १९६२मध्ये शिकागोत 'फिजिक्स ऑफ फेल्युअर' या विषयावर पहिली परिषद भरली. त्यांचा आग्रह असा: बिघाडांची संख्या मोजून थांबू नका, मेलेला भाग कापून बघा. याच परंपरेतल्या १९७८च्या परिषदेत इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी मेमरी चिप्समधल्या 'रँडम' चुकांचं मूळ दाखवलं. चिपच्या आवरणाच्या सामग्रीत युरेनियम आणि थोरियमचे अत्यल्प अंश होते, त्यातून निघणारे अल्फा कण मेमरीतला एखादा बिट पालटवत होते. गंमत बघा, किरणोत्सर्गी क्षय हा खराखुरा यादृच्छिक, तरीही कारण सापडलं आणि उपायही झाला: सामग्री शुद्ध करा. म्हणजे एखादी घटना कधी घडेल हे सांगता येत नसेल, तरी ती का घडते हे सांगता येऊ शकतं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकणं ही संशोधनाची पहिली पायरी आहे, असं मला वाटतं.

## स्टेपर मोटरच्या घरातल्या दोन गोष्टी

पहिली ॲपलच्या 'डिस्क टू' या फ्लॉपी ड्राइव्हची, १९७८ची. तिचं हेड स्टेपर मोटरने सरकायचं, आणि मोटरचे फेज यूएलएन२००३ ही सात ट्रान्झिस्टर-जोड्यांची चिप हाताळायची. या ड्राइव्हमधली एक चिप हमखास उडायची, पण ती मोटर चालवणारी नव्हे. जायची ती ७४एलएस१२५ ही साधी लॉजिक चिप. कारण होतं कनेक्टर. रिबन केबलचा प्लग कंट्रोलर कार्डवर एक ओळ सरकवूनही बसवता यायचा, त्याला अडवणारी खाचच नव्हती. तसा बसला की १२ व्होल्ट भलत्या पिनवर जायचे आणि ५ व्होल्टची चिप संपायची. मरणारी चिप एकीकडे, चूक दुसरीकडे. दुरुस्ती करणाऱ्यांना हे पाठ होतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. २००५मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा खुल्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. घरोघरी स्टेपर मोटर पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पुढे या प्रिंटरांमध्ये ए४९८८सारखी चिप नखाएवढ्या बोर्डावर बसवून सॉकेटमध्ये खोचायची पद्धत रुळली. सोय उत्तम: चिप गेली, उपटली, नवी खोचली, पाच मिनिटांत काम सुरू. पण या सोयीने बिघाडाकडे बघण्याची नजर बदलली. जी गोष्ट पाच मिनिटांत बदलता येते, तिच्या मरणाची चौकशी कोण करणार? ड्रायव्हर हा पेनच्या रिफिलसारखा झाला. 'रँडम' हा शब्द आपल्या खणात शिरला तो बहुधा याच वाटेने.

## मग डबीचं काय करायचं?

आता हा इतिहास बेंचवर आणू. चिप गेली की फेकू नका. छोट्या पाकिटात ठेवा आणि वर लिहा: तारीख, कुठला अक्ष, कुठल्या खरेदीतली, आणि मरताना यंत्र काय करत होतं. डेव्हिसच्या बसचा धडा हाच: मरणं वेगळी मोजा. मग मल्टिमीटर डायोड मोडला ठेवून प्रत्येक आउटपुट पिनपासून सप्लायपर्यंत आणि ग्राउंडपर्यंत तपासा, शेजारी एक चांगली चिप तुलनेला ठेवून. सप्लाय आणि ग्राउंडमध्येच शॉर्ट असेल, तर सप्लायवर जास्त व्होल्टेज आल्याचा संशय घ्या. एकच आउटपुट शॉर्ट असेल, तर त्या कॉइलकडे आणि तिच्या कनेक्टरकडे बघा. आउटपुट धड आणि लॉजिकचे पिन मेलेले असतील, तर ग्राउंडची वायरिंग किंवा हाताची स्थिर वीज आठवा. हे पुरावे आहेत, निकाल नव्हे.

मग वेळ बघा. कारणाची खूण बऱ्याचदा वेळेत असते.

सप्लाय चालू करताच गेली. बोर्डावरचा सिरॅमिक कपॅसिटर आणि लांब वायरचं इंडक्टन्स मिळून झोका तयार होतो. आदर्श गणितात हा झोका सप्लायच्या दुप्पट जातो: २४ व्होल्टचे ४८. ए४९८८ची मर्यादा ३५. सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता व्होल्टेज वाढल्यावर घटते, त्यामुळे झोका दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. बोर्डाजवळ ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा आणि वायर आखूड करा, झोका दबतो.

मोटर थांबताना गेली. जड भार वेगात असताना अचानक थांबवला की मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा सप्लायकडे परत ढकलते. साधा सप्लाय ती गिळू शकत नाही, मग व्होल्टेज चढतं.

अर्ध्या-पाऊण तासाने गेली. उष्णता. करंटची मर्यादा मोजून बघा, हीट सिंक नीट चिकटलाय का, पंखा फिरतोय का बघा. जुन्या एल२९८ या चिपवर दोन अँपिअरला जवळपास ४.९ व्होल्टपर्यंत घट होऊ शकते, म्हणजे एका ब्रिजमागे दहा वॉट नुसती उष्णता.

केबल हलताना गेली. हा सगळ्यात फसवा प्रकार. समजा कॉइलचं इंडक्टन्स ३ मिलिहेन्री आणि करंट २ अँपिअर. साठलेली ऊर्जा फक्त ६ मिलिजूल. पण सैल कनेक्टर सुटला आणि हा करंट एका मायक्रोसेकंदात शून्यावर आला, तर हिशेबाने ६,००० व्होल्ट निघतात. प्रत्यक्षात ठिणगी किंवा चिप त्याआधीच वाट करून देते, आणि ती वाट करून देणं म्हणजेच दुखापत. केबल-चेनमधला एखादा तुटका धागा दिवसातून दोनदाच सुटत असेल, तर नोंदवहीत तो हुबेहूब 'रँडम' दिसेल. चालू सप्लायवर मोटरची केबल काढायची नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो. सैल कनेक्टर तो नियम आपल्या नकळत मोडत असतो.

शिवाय दुखापत आणि मरण एकाच दिवशी होईल असंही नाही. एका झोक्याने चिप अधू होते आणि आठवड्याने साध्या कामात जाते. म्हणून मरणाच्या क्षणाचीच नव्हे, तर आधीच्या दिवसांचीही नोंद हवी.

एल२९३ आणि एल२९३डी यांचंही लक्षात असू द्या. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण 'डी'मध्ये संरक्षक डायोड आत असतात आणि दुसरीत बाहेर लावावे लागतात. लॅमिंग्टन रोडवरून घाईत आणलेल्या पाकिटात कुठली आहे ते वाचून घ्या. नकली माल हेही खरं कारण असू शकतं. पण ते सिद्ध करायला एकाच खरेदीतल्या चिप्स वेगवेगळ्या अक्षांवर मरताना दिसायला हव्यात. एकाच अक्षावर वेगवेगळ्या खरेदीतल्या चिप्स मरत असतील, तर दुकानदाराला दोष देऊ नका.

शेवटी ऑसिलोस्कोप. पॉवर सप्लायच्या डिस्प्लेवरचा आकडा चिपला मिळणारं व्होल्टेज नव्हे. प्रोब थेट चिपच्या सप्लाय पिनपाशी, आखूड ग्राउंड वायरने लावा. ३५ व्होल्टच्या चिपसाठी सिंगल-शॉट ट्रिगर ३० व्होल्टवर ठेवा आणि यंत्र आपल्या कामाला लावून द्या. संध्याकाळी स्क्रीनवर एखादा झोका पकडलेला दिसला, तर नवी चिप न जाळता तुम्हाला साक्षीदार मिळाला. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि झोका जातो का बघा. मनात आलं की आणता येतो आणि मनात आलं की घालवता येतो, तेव्हाच बिघाड सापडला असं म्हणायचं. नुसता थांबला म्हणजे सापडला असं नाही.

## प्रबंधात काय लिहाल?

"ड्रायव्हर बदलला" हे वाक्य पद्धतीच्या प्रकरणात अपुरं आहे. चिप बदलण्याआधीच्या मोजमापांचं काय केलंत, हे लिहायला हवं. त्यासाठी साधी सवय लावा: प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी मोटर एका ठरलेल्या खुणेवर, म्हणजे लिमिट स्विचवर किंवा ऑप्टिकल सेन्सरवर, आणा आणि पावलांचा फरक नोंदवा. फरक शून्य असेल तर मधला डेटा ठेवायला आधार मिळतो. नसेल तर ती मालिका बाजूला ठेवा, कारणासकट.

व्हायव्हाला कोणी विचारलं, की मार्चमधले नमुने का गाळले, तर "उपकरणात रँडम बिघाड होता" या उत्तरावर पुढचा प्रश्न येणारच. "एक्स-अक्षाच्या कनेक्टरमुळे पावलं हुकत होती, खुणेवरचा फरक इतका होता, कनेक्टर बदलल्यावर तो शून्य झाला" या उत्तरावर बहुतेक परीक्षक मान डोलावून पुढच्या पानावर जातील.

१९५०च्या दशकातल्या लोकांकडे हजारो ट्यूब होत्या, म्हणून सरासरी त्यांना पुरली. तुमच्याकडे सहा-सात चिप्स आहेत. एवढ्या थोड्या मरणांना संख्याशास्त्र फार मदत करणार नाही. एकेकीची चौकशी मात्र करता येईल, आणि एका दुपारचं ते काम आहे. उद्या प्रयोगशाळेत गेलात की ती डबी टेबलावर ओता, पाकिटं घ्या आणि आठवेल तेवढं त्यांच्यावर लिहून काढा.